फ्रॅजाइल : अर्थ, उपयोग आणि आदळआपट

'फ्रॅजाइल' हे इंग्रजी विशेषण असून त्याचा अर्थ सहज मोडणारे, फुटणारे किंवा तुटणारे असा आहे. व्याकरणाच्या पुस्तकात ते विशेषण असते. खोक्यावर चिकटवले की त्याचा आज्ञार्थ होतो, आणि खोका फुटल्यावर भरपाई मागायला गेले की तेच समोरच्याच्या बचावाचे कलम बनते. पगार एक आणि नोकऱ्या तीन, अशी अवस्था इंग्रजीतल्या फार थोड्या शब्दांची आहे.

या शब्दाचा वावर घरात नसतो, वाटेत असतो. काचेच्या कपाटात मांडलेल्या कपबश्यांवर कोणी 'फ्रॅजाइल' लिहीत नाही. घरधन्याची बदली पुण्याहून नागपूरला झाली की मग लिहितात. म्हणजे वस्तू नाजूक असणे पुरेसे नाही. ती परक्याच्या हातात जाणार असली पाहिजे. ज्याला वस्तूची काळजी आहे त्याला हा शब्द वाचावा लागत नाही, आणि ज्याने वाचावा अशी अपेक्षा आहे त्याच्या डोक्यावर त्या वेळी दुसरे खोके असते.

शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. 'फ्रांगेरे' म्हणजे मोडणे, त्यावरून 'फ्रागिलिस' म्हणजे मोडण्याजोगे. याच घराण्यातली बाकीची मंडळी मराठी माणसाच्या चांगल्या ओळखीची आहेत. हाड मोडले की फ्रॅक्चर, आकडा मोडला की फ्रॅक्शन, आणि कशाचाही तुकडा पडला की फ्रॅगमेंट. घराण्यात मोडतोडीखेरीज दुसरा धंदा नाही. 'ब्रेक' हा रोजचा इंग्रजी शब्दही याच भाऊबंदकीतला. लॅटिनमध्ये जिथे 'फ' येतो तिथे इंग्रजीत पुष्कळदा 'ब' येतो. संस्कृत भ्रातृ, लॅटिन फ्रातर आणि इंग्रजी ब्रदर हे तिघे जसे एकाच घरातले, तसेच 'फ्रांगेरे' आणि 'ब्रेक'. तेव्हा 'फ्रॅजाइल' म्हणजे 'ब्रेकेबल' इतकेच. पण हा रोममध्ये शिकून आलेला असल्यामुळे त्याला लेबलावर जागा मिळाली आणि 'ब्रेक' बिचारा रिक्षाला लागला.

घराण्यात एकच सदस्य असा निघाला की जो स्वतः मोडत नाही, दुसऱ्याला मोडतो. सॅक्सिफ्रेज नावाची एक वनस्पती आहे. 'सॅक्सुम' म्हणजे खडक, म्हणून ही खडक फोडणारी. तिच्याच कुळातले एक झाड आयुर्वेदात मुतखड्यावर देतात आणि त्याचे नाव पाषाणभेद. रोममधले लोक आणि इकडचे वैद्यबुवा यांचे बाकी कशावर एकमत झाले असते की नाही कोण जाणे, पण या बाबतीत झालेले आहे.

इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा त्याचा भांड्यांशी काही संबंध नव्हता. सोळाव्या शतकाच्या आरंभी 'फ्रॅजाइल' म्हणजे मोहाला सहज बळी पडणारा, नीतीने कच्चा माणूस. सहज फुटणाऱ्या वस्तूला हे विशेषण लागू लागले ते १६०० च्या सुमारास. आधी माणसे मोडत होती, मग भांडी मोडू लागली. क्रम उलटा वाटला तरी कोशकारांना पुराव्यापुढे इलाज नसतो. हा जुना नैतिक अर्थ आज कोशात मृत म्हणून दाखवला जात असला तरी तो पुरता मेलेला नाही. कायद्याच्या एका कोपऱ्यात तो अजून धुगधुगी धरून आहे; त्याचा विचार त्या ठिकाणी येईल.

त्याच 'फ्रागिलिस'पासून निघालेला दुसरा शब्द म्हणजे 'फ्रेल'. हा आधी आला, जुन्या फ्रेंचच्या तोंडी झिजत आला, आणि वाटेत मधले अक्षर हरवून बसला. दोघांनी पुढे वाटण्या करून घेतल्या. फुलदाणी फ्रॅजाइल, आजोबा फ्रेल. फ्रेल माणूस कसा ओळखायचा याचे २००१ पासून वैद्यकात पाच निकष आहेत: नकळत वजन उतरणे, थकवा, हाताची पकड ढिली पडणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. पाचांपैकी तीन जुळले की माणूस फ्रेल. फुलदाणीला निकष एकच असून तो एकदाच लावता येतो.

उच्चाराबाबत एकवाक्यता नाही. ब्रिटनमध्ये 'फ्रॅजाइल', अमेरिकेत 'फ्रॅजल', फ्रान्समध्ये 'फ्राजिल'. महाराष्ट्रात शेवटी 'ईल' लावून 'फ्रजाईल' म्हणतात आणि मधल्या 'जी' या अक्षरावर विश्वास नसलेले 'फ्रगाईल' म्हणतात. हे सगळे उच्चार एकाच खोक्याला उद्देशून केले तरी खोक्याच्या नशिबात फरक पडत नाही. १९८३ च्या 'अ ख्रिसमस स्टोरी' या अमेरिकन चित्रपटात वडिलांना बक्षीस म्हणून एक भलेमोठे लाकडी खोके येते. त्यावरचा शब्द ते 'फ्रजीले' असा वाचतात आणि वस्तू इटालियन असणार असा निष्कर्ष काढतात. प्रेक्षक हसतात. पण इटालियन भाषेत हा शब्द याच स्पेलिंगने आहे आणि त्याचा उच्चार 'फ्राजिले' असाच होतो. जोर तेवढा पहिल्या अक्षरावर द्यायचा. वडील अज्ञानापोटी बरोबर होते, प्रेक्षक ज्ञानापोटी चूक. खोक्यातून निघतो बाईच्या पायाच्या आकाराचा एक दिवा, आणि तो पुढे फुटतो. बायकोच्या मते अपघाताने.

आता शेजारचे शब्द. मराठी कोशात 'फ्रॅजाइल'समोर बहुधा नाजूक, ठिसूळ, भंगुर हे तिघे एका ओळीत उभे असतात, पण तिघांचे काम वेगळे आहे. ठिसूळ म्हणजे इंग्रजीतला 'ब्रिटल': वाकायला तयार नाही, सरळ तुटतो. काच, खडू, बिडाचा तवा. अभियंते 'ब्रिटल' हाच शब्द वापरतात, कारण तो पदार्थाच्या स्वभावाबद्दल बोलतो. 'फ्रॅजाइल' हा वस्तूच्या भवितव्याबद्दल बोलतो. इंग्रजीत 'पीनट ब्रिटल' नावाचा एक पदार्थ आहे. म्हणजे आपली शेंगदाण्याची चिक्की. अभियांत्रिकीतला एक गंभीर दोष लोणावळ्यात पावशेराने मिळतो आणि त्याच गुणासाठी लोक मुद्दाम गाडी थांबवतात.

नाजूक हा शब्द फारसीतून आला आणि त्याने मराठीत इतका संसार थाटला की त्याला आता 'फ्रॅजाइल'च्या कामाला वेळ नाही. चण नाजूक असते, प्रश्न नाजूक असतो, परिस्थिती नाजूक असते, जागाही नाजूक असते. इंग्रजीत ही सारी कामे 'डेलिकेट' करतो. हा तोच 'डेलिकेट' जो कपडे धुण्याच्या यंत्राच्या बटणावर असतो. ते बटण दाबले की यंत्र पाणी कोमट ठेवून कपड्यांना हलक्या हाताने फिरवते. नाजूक वस्तूला जपायचे असते, तर फ्रॅजाइल वस्तूला फक्त पोचवायचे असते.

राहिला भंगुर. अर्थाने हा 'फ्रॅजाइल'चा हुबेहूब जोडीदार आहे, धातूसुद्धा मोडण्याचाच. पण मराठीत तो फार लवकर कीर्तनाला बसला आणि देहाशिवाय दुसऱ्या कशाबद्दल बोलेनासा झाला. चिनी मातीच्या टी-सेटवर 'क्षणभंगुर' असे ठळक अक्षरांत छापले तर विधान बिनचूक होईल, पण हमाल ते वाचून सेट हळू ठेवण्याऐवजी अंतर्मुख होण्याची भीती आहे. लेच्यापेच्या मालाला तकलादू म्हणतात, आणि ज्याची प्रकृती आज तोळा उद्या मासा अशी वरखाली होते त्याला तोळामासा. पण तकलादू ही तक्रार आहे आणि तोळामासा हा फ्रेलचा नातेवाईक.

प्रत्यक्ष बाजारात यातला एकही शब्द चालत नाही. ट्रान्सपोर्टच्या गोदामात, एसटीच्या टपावर किंवा लग्नाच्या कार्यालयात नाजूक डाग उतरवताना जी हाक ऐकू येते ती एकच: "काच आहे, काच!" खोक्यात टीव्ही असो, लोणच्याच्या बरण्या असोत, शाडूचा गणपती असो की देवगडचा हापूस, ओरडायचे ते काच म्हणूनच. ही पद्धत 'फ्रॅजाइल'पेक्षा श्रेष्ठ मानावी लागेल. विशेषण लावले की माणूस विचारात पडतो, किती नाजूक, कोणाच्या हिशेबाने? काच म्हटले की पाय आपोआप जपून पडतो, कारण फुटली तर ती आधी उचलणाऱ्यालाच लागते.

लिपी आणि भाषा यांचा गोंधळ टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने चित्रे ठरवली आहेत. आयएसओ ७८० या मानकात छत्री म्हणजे ओले करू नका, वर तोंड केलेले दोन बाण म्हणजे ही बाजू वर, आणि देठाचा पेला म्हणजे फ्रॅजाइल. आंतरराष्ट्रीय टपालातही नाजूक पार्सलावर पांढऱ्यावर लाल पेल्याचे लेबल असते. पेला वाइनचा आहे. जगातल्या समस्त नाजूक वस्तूंची प्रतिनिधी म्हणून बांगडी, अंडे, पापड अशा तोलामोलाच्या उमेदवारांना डावलून वाइनच्या पेल्याची निवड का झाली, हे युरोपच्या टेबलाकडे पाहिल्यावर कळते. या निवडीमुळे वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांत रोज शेकडो खोकी मद्याच्या पेल्याचे चित्र मिरवत उघड उघड शिरतात आणि त्यांत निघतात ट्यूबलाइटी.

चित्र भाषेपेक्षा स्पष्ट असते हा समजही थोडा तपासून घ्यावा लागतो. कित्येक खोक्यांवर हा पेला तडा गेलेला दाखवतात. छापणाऱ्याच्या मनात असते, 'जपले नाही तर असे होईल.' पाहणाऱ्याला त्यातून 'असे झालेले आहे' हेही वाचता येते, आणि जे आधीच फुटले आहे त्याला हळू ठेवण्यात शहाणपणा नाही. छत्रीच्या चित्रातून आत छत्र्या आहेत असा अर्थ काढणाऱ्याला तर चूक कोणत्या तोंडाने म्हणावे? बाणांचे त्यापेक्षा बरे चालले आहे; त्यांना आकाश कुठे आहे एवढेच दाखवायचे असते. अर्थात खोका उलटा ठेवला की तेही पाताळ दाखवू लागतात.

लेबलाचा उपयोग होतो का, हा प्रश्न साहजिक आहे. 'पॉप्युलर मेकॅनिक्स' या अमेरिकन मासिकाने २०१० मध्ये धक्के मोजणारी यंत्रे खोक्यांत भरून ती देशभर वेगवेगळ्या कंपन्यांमार्फत पाठवून पाहिली. ज्या खोक्यांवर 'फ्रॅजाइल' किंवा 'ही बाजू वर' असे लिहिले होते, त्यांच्या वाट्याला आदळआपट जास्त आली. प्रयोग लहान होता, त्यावरून जगाचा सिद्धान्त काढू नये. तरी ज्या कोणाच्या घरी 'गाद्यांवर उड्या मारू नका' अशी सूचना एकदा तरी दिली गेली आहे, त्याला निष्कर्षाचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

वेष्टनशास्त्रातले जाणते लोक मुळात लेबलावर विसंबतच नाहीत. त्यांचे गृहीत असे, की खोका पडणारच. म्हणून तो ते स्वतःच आधी पाडतात. सुरक्षित वाहतुकीसाठी काम करणाऱ्या 'इस्टा' या संस्थेच्या प्राथमिक चाचणीत खोक्याला प्रथम हलत्या फळीवर १४,२०० हिसके बसतात. मग हलका खोका सुमारे ७६ सेंटीमीटर उंचीवरून दहा वेळा टाकतात: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर आणि सहाही बाजूंवर एकेकदा. पडण्याचे इतके पद्धतशीर वेळापत्रक प्रत्यक्ष जीवनात कोणाला लाभत नाही. हिसक्यांचा भाग यंत्राशिवायही उरकता येण्याजोगा आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या काही टप्प्यांना त्यासाठी मान्यता मिळायला हरकत नसावी.

याच शास्त्रात 'फ्रॅजाइल'पणा मोजण्याचे एकक आहे. वस्तू गुरुत्वाकर्षणाच्या किती पट धक्का सोसू शकते ते 'जी' मध्ये सांगतात. साधारणपणे १५ ते २५ जी सोसणारी यंत्रे अतिनाजूक. दूरचित्रवाणी संच ६० ते ८५ च्या घरात. ११५ च्या पुढे दणकट मंडळी, म्हणजे अवजारे, फर्निचर. आकडा जितका मोठा तितका स्वभाव सोशीक. विवाह जुळवणाऱ्या संस्थांनी पत्रिकेच्या छत्तीस गुणांशेजारी हाही एक रकाना ठेवला तर पुढचे पुष्कळ घोळ वाचतील, पण शास्त्र अजून तिथवर गेलेले नाही.

वस्तू वाचते ती शब्दाने नव्हे, तिच्या भोवतीच्या पोकळीने. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९११ साली एक शेतकरी आणि एक हॉटेलवाला यांच्यात फुटक्या अंड्यांवरून वाद होता. तो ऐकून जोसेफ कॉइल नावाच्या गृहस्थाने प्रत्येक अंड्याला स्वतंत्र खण देणारे खोके बनवले. कॉइल वर्तमानपत्र चालवत असे. वादाची नुसती बातमी देऊन थांबला नाही, हे त्याचे वेगळेपण. बुडबुड्यांचा प्लॅस्टिक कागद, म्हणजे बबल रॅप, १९५७ मध्ये न्यू जर्सीत जन्माला आला तो भिंतीवर चिकटवण्यासाठी. आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान या जोडीला उठावदार वॉलपेपर बनवायचा होता. भिंतींना तो पसंत पडला नाही. पुढे आयबीएमच्या संगणकांना वाटेत गुंडाळण्यासाठी तो कामी आला आणि त्याचे नशीब उघडले. आज त्याचा दुसरा मोठा उपयोग म्हणजे पार्सल आल्यावर वस्तू बाजूला ठेवून घरातल्या सर्व वयोगटांनी बुडबुडे फोडत बसणे. फुटू नये म्हणून जे पाठवले ते बाजूला राहते आणि वेष्टन फुटते. फोडण्याची हौस माणसात किती खोल आहे याचा हा हिशेब ठेवायला हवा.

कोकणाने यातले काही न वापरता शतकभर आंबा पाठवला. लाकडी पेटी, तळाला वाळलेले गवत नाहीतर भाताचा पेंढा, आंब्यांचा थर, पुन्हा पेंढा. गवत धक्का खाते, हवा खेळती ठेवते आणि शिवाय आंबा पिकवते. बबल रॅपने आंबा पिकल्याचे ऐकिवात नाही. पेटीवर बागायतदाराचे नाव रंगवलेले असे, 'फ्रॅजाइल' नसे. पेटीतला आंबा दबला तर मुंबईचा दलाल भाव पाडणार हे वाटेतल्या प्रत्येकाला ठाऊक होते, त्यामुळे वेगळ्या विशेषणाची गरज पडली नसावी. आता पुठ्ठ्याची खोकी आली, त्यांवर पेला आला, बाण आले. आंबा तोच आहे.

नाजूक मालाच्या वाहतुकीतले सर्वांत अवघड प्रकरण मात्र पेणचे. शाडूची मूर्ती हलक्याशा धक्क्याने तडकते. सोंड, हाताची बोटे आणि कान हे तिचे मर्मस्थान. परदेशातल्या मराठी मंडळांसाठी या मूर्ती चतुर्थीच्या काही महिने आधीच कंटेनरमध्ये बसून समुद्रमार्गे निघतात. भोवती कागदाचे कातरण, थर्माकोल, फोम. बाहेर पेला, छत्री, बाण. मूर्ती पोचली आणि मंडळाच्या कार्यकर्त्याने खोका उघडून बोटे मोजली, की सुटकेचा निःश्वास पडतो. भंगलेली मूर्ती पूजेला चालत नाही, तेव्हा 'फ्रॅजाइल' या शब्दाला इथे धर्मशास्त्राचेही पाठबळ आहे. छत्रीच्या चित्राला मात्र या खोक्यावर मुदत घालून द्यायला हवी. काही हजार किलोमीटर पाण्यापासून जपून आणलेली वस्तू दीड, पाच किंवा दहा दिवसांनी वाजतगाजत पाण्यात सोडायची असते.

वस्तू फुटल्यानंतर शब्दाची तिसरी नोकरी सुरू होते. ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर बारीक अक्षरांत 'माल मालकाच्या जबाबदारीवर' असे छापलेले असते. रेल्वेने हेच अधिक प्रांजळपणे मांडले आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्यात मालाचे दोन दर कल्पिलेले आहेत, एक रेल्वेच्या जोखमीचा आणि एक मालकाच्या जोखमीचा. दुसऱ्यात रेल्वेची बेपर्वाई किंवा गैरवर्तन सिद्ध झाले तरच ती जबाबदार. मालक त्या वेळी डब्यात नसतो. डब्यात असते ती फुलदाणी, आणि तिची साक्ष काढावी तर ती तुकड्यातुकड्यांत बोलणार. याच कायद्यात सदोष बांधणीच्या मालासाठी वेगळे कलम आहे. म्हणजे कमी गुंडाळले तर दोष बांधणीचा, आणि भरपूर गुंडाळले तर आकारावर भाडे जास्त.

विमान प्रवासाला लागू असणारा १९९९ चा माँट्रियल करार या बाबतीत वाचनीय आहे. चेक-इन केलेल्या सामानाचे नुकसान झाल्यास विमान कंपनी जबाबदार. पण ते नुकसान सामानाच्याच अंगभूत दोषामुळे, गुणामुळे किंवा 'व्हाइस'मुळे झाले असेल, तर तेवढ्यापुरती नाही. व्हाइस म्हणजे दुर्गुण, व्यसन. बरणी फुटली यात तिच्या चारित्र्याचाही भाग असू शकतो, अशी कायद्याची धारणा आहे. सोळाव्या शतकातला 'नीतीने कच्चा' हा अर्थ धुगधुगी धरून आहे तो इथे. विमानतळावर सामान देताना मेतकूट, लोणचे, काचेची समई असे काही आहे म्हटले की काउंटरवरचा कर्मचारी हसून लाल-पांढरी 'फ्रॅजाइल'ची पट्टी लावतो आणि कित्येकदा एका चिठ्ठीवर सही घेतो. पट्टी पाहून प्रवाशाला वाटते, बरणीची सोय झाली. चिठ्ठीत असते, वस्तू नाजूक आहे हे प्रवाशाने आधीच कबूल केले आहे, तेव्हा फुटली तर तक्रार नको. ज्या शब्दाने बरणीचे रक्षण व्हायचे त्याने काउंटरचे होते. हमालाला उद्देशून लिहिलेला शब्द वकिलाने वाचला, एवढाच काय तो पत्त्याचा घोटाळा.

लाक्षणिक अर्थाने 'फ्रॅजाइल'चा संचार मोठा आहे. शस्त्रसंधी फ्रॅजाइल असतो, आघाडी सरकार फ्रॅजाइल असते, जंगल, प्रवाळ आणि पुरुषी अहंकार हेही. आदल्या रात्री जास्त झालेला ब्रिटिश माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी 'जरा फ्रॅजाइल वाटतंय' असे म्हणतो. खोक्यावरचा पेला त्याच्या बाबतीत शब्दशः लागू पडतो. या सगळ्यांत लेबलाचा मूळ गुण कायम आहे. चिकटवणारा वेगळा आणि वाहून नेणारा वेगळा. आपल्याच सरकारला कोणी फ्रॅजाइल म्हणत नाही. ते काम विरोधी पक्ष आणि अग्रलेख करतात.

देशांच्या बाबतीत लेबल लावण्याचे काम संस्था करतात. 'फंड फॉर पीस' ही अमेरिकन संस्था २००५ पासून अपयशी राष्ट्रांची यादी काढत असे. 'अपयशी' हा शब्द राष्ट्रांच्या जिव्हारी लागतो असे दिसल्यावर २०१४ मध्ये यादीचे नाव 'फ्रॅजाइल राष्ट्रांचा निर्देशांक' असे झाले. मोडले आहे असे म्हणण्यापेक्षा मोडण्याजोगे आहे म्हणणे सभ्य. नाव बदलल्याने रस्ते, न्यायालये आणि भाकरीचा भाव यांत फरक पडला नाही. राजदूतांची सोय झाली.

भारतानेही हे लेबल अंगावर वागवले आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये मॉर्गन स्टॅन्लीने पाच चलनांना 'फ्रॅजाइल फाइव्ह' असे नाव दिले: ब्राझील, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका, तुर्कस्तान आणि भारत. या देशांची परकीय देण्याघेण्यातली तूट मोठी होती, आणि अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने पैशाचा ओघ आवरता घेण्याची नुसती कुजबूज केल्याबरोबर तिथून भांडवल बाहेर पडू लागले होते. ऑगस्टअखेर रुपया डॉलरला ६८ च्या पलीकडे घसरला. पुढे भारत या पंचकातून सुटला, पण इथेही शब्दाने आपला धर्म सोडला नाही. लेबल लावले ते गुंतवणूकदार जपून वागावेत म्हणून, आणि जपून वागणे म्हणजे त्यांच्या भाषेत खोका आधी खाली टाकून आपण बाजूला होणे.

विरुद्धार्थी शब्दाचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. शाळेत दणकट, टणक, मजबूत यांपैकी काहीही लिहिले तरी गुण मिळतात. लेबनॉनमध्ये जन्मलेले लेखक नसीम तालेब यांनी २०१२ मध्ये त्यावर हरकत घेतली. दणकट वस्तूला आदळण्याने काही होत नाही, म्हणजे ती मध्यावर उभी आहे. आदळण्याने बिघडणाऱ्या वस्तूच्या खऱ्या विरुद्ध टोकाला आदळण्याने सुधारणारी वस्तू हवी. तशा खोक्यावर 'कृपया हेळसांड करावी' असे लिहावे लागेल. कोणत्याही भाषेत यासाठी शब्द सापडेना, म्हणून त्यांनी 'अँटिफ्रॅजाइल' असा घडवून घेतला आणि त्यावर जाडजूड पुस्तक लिहिले. मराठीत ही जागा टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण न येणाऱ्या दगडाने कधीच अडवून ठेवली आहे. त्याला जाड पुस्तकाची गरज लागली नाही. अर्थात देवपण आल्यानंतर तोच दगड पुन्हा फ्रॅजाइल होतो, आणि हे तालेब यांच्या हिशेबात बसत नाही.

काचेचे सतराव्या शतकातले एक खेळणे या सगळ्या वर्गवारीला हरताळ फासते. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात टाकला की लांब शेपटीचा अश्रू तयार होतो. प्रिन्स रूपर्टचा थेंब म्हणून तो ओळखला जातो. त्याच्या डोक्यावर हातोडा मारला तरी तो फुटत नाही. शेपटीचे टोक चिमटीत मोडले की सगळा थेंब भुगा होऊन उडतो. बाहेरचा थर आधी थिजून आतल्या काचेला आवळून धरतो, म्हणून डोके भक्कम. पण कुठेही फट पडली की आतला ताण एकदम मोकळा होतो. १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने तो रॉयल सोसायटीकडे अभ्यासाला दिला. पेला लावावा की हातोडा, असा पेच पडणारी ही एकमेव वस्तू.

शेवटी 'फ्रँजिबल'चा उल्लेख करायला हवा. हाही 'फ्रांगेरे'चाच वंशज, पण याला मोडण्याची भीती नसून सक्ती आहे. धावपट्टीच्या आसपास उभे केलेले दिव्यांचे खांब आणि फलक विमान आदळल्यास चटकन मोडून पडावेत, म्हणजे विमानाला इजा होणार नाही, असा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या चौदाव्या परिशिष्टाचा दंडक आहे. त्यामुळे एकाच विमानतळावर, काचेच्या एका बाजूला, मोडलेच पाहिजेत असे खांब रीतसर चाचण्या घेऊन उभे असतात. दुसऱ्या बाजूला, मोडू नयेत अशा वस्तू लाल-पांढऱ्या पट्टीसह सरकत्या पट्ट्यावरून फिरत येतात. त्यांची चाचणी प्रवाशाने कोपऱ्यात उभे राहून, बॅग कानाशी हलवून घ्यायची असते.